शहादाचा आवाज

दर शनिवारी अम्मानच्या एका वर्तमानपत्रात शेवटच्या पानावर मुनीबचं सदर यायचं. नाव 'बाल्कनीतून'. लुवैब्दाच्या टेकडीवर तिसऱ्या मजल्यावर त्याचं घर होतं, पुढे हातभर बाल्कनी. तिथे बसून जे दिसेल, जे ऐकू येईल, त्याची तो खिल्ली उडवायचा. एकोणीस वर्षं हेच चाललं होतं. रमजानच्या मालिकांत साठीच्या नट्या विशीच्या नवऱ्या होतात, ते त्याने लिहिलं. दर वर्षी नवा फोन निघतो, आधीच्यापेक्षा चांगला फोटो काढतो, पण फोटोतलं तोंड काही सुधारत नाही, हेही लिहिलं. रस्त्यात मधोमध गाडी उभी करून टपरीवाल्याला कॉफी आणायला सांगणाऱ्यांवर तर त्याने तीन वेळा लिहिलं, आणि तिन्ही लेख त्याच लोकांनी गाडीत बसून कॉफी पीत वाचले.

लोक हसायचे. भाजीवाला विचारायचा, "उस्ताद, या शनिवारी कोणाची मान?" मुनीबला ते आवडायचं. सदुसष्टाव्या वर्षी माणसाला अजून कोणी घाबरतं, ही काही वाईट गोष्ट नव्हे.

त्या वसंतात पाळी आली भंगारवाल्याची.

अम्मानमध्ये जुना फ्रीज विकायचा तर बाजारात जावं लागत नाही. छोटे ट्रक गल्लीगल्लीतून फिरतात, टपावर भोंगा, आणि भोंग्यातून भरून ठेवलेला आवाज. ट्रक चाळीस असोत की चारशे, आवाज एकाच माणसाचा. कोणी एकाने कधीतरी तो भरला, दुसऱ्याने त्याच्याकडून घेतला, तिसऱ्याने दुसऱ्याकडून. कोण तो, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. मुनीबलाही नाही.

त्याने लिहिलं होतं: 'हा माणूस थकत नाही, आजारी पडत नाही, सुट्टी घेत नाही. फ्रीज, वॉशिंग मशीन, शेगड्या, असं ओरडतो आणि शेगड्यांनंतर खोकतो. रोज तिथेच खोकतो. मग चमचा वाजतो. म्हणजे आमची दुपारची झोप मोडता मोडता साहेब चहा ढवळतात! याचा पुरावा मी माझ्या फोनमध्ये भरून ठेवला आहे, तारीख आणि वेळेसकट, आणि तो नगरपालिकेच्या कचेरीत नेऊन देणार आहे. शहरातलं सगळं भंगार गोळा करणाऱ्यांनो, आधी हा गंजलेला आवाज भंगारात घाला.'

लेख गाजला. टेकडीवरच्या लोकांनी सह्या गोळा केल्या, कचेरीत अर्ज गेला, आणि उन्हाळा सरता सरता नियम आला. जुने आवाज बंद. सगळ्या ट्रकांना एकच मंजूर केलेला आवाज, तोही हळू. मशीनने तयार केलेली एक बाई आता गल्लीतून जायची. "आपणाकडे जुन्या वस्तू असल्यास कृपया कळवावे," असं म्हणायची. फार सभ्य बाई. जन्मात कधी फ्रीज पाठीवर घेऊन तीन जिने उतरलेली नसावी.

पहिले काही दिवस मुनीब खूश होता. मग एका दुपारी झोपेतून उठला तेव्हा किती वाजले ते त्याला कळेना. खोकला आला की चहा टाकायचा, ही आपली सवय होती, हे त्याला तेव्हा उमगलं. त्यावरही लिहावं असं त्याच्या मनात आलं, पण मालिकांचे दिवस जवळ आले होते, राहून गेलं.

अशात एका मंगळवारी, तिसऱ्या प्रहरी, दारावरची बेल वाजली.

दारात एक बाई उभी. साठीच्या आतबाहेर. काळा अंगरखा, पांढरी ओढणी, हातात प्लास्टिकची पिशवी. जिने चढून दम लागलेला. मागे इमारतीचा राखणदार बयूमी उभा. बयूमी इजिप्तचा, बावीस वर्षं याच दाराशी.

"या म्हणतात उस्तादांना भेटायचंय," बयूमी म्हणाला. आणखी काही बोलावं की नाही असं त्याच्या तोंडावर होतं, पण तो खाली गेला.

"मी उम्म साबेर," बाई म्हणाली, म्हणजे साबेरची आई. "नझीफच्या टेकडीवरनं आले."

"या, या. अहलन. आत या."

मुनीबची बायको जाऊन चार वर्षं झाली होती. घरात बाईमाणूस येणं म्हणजे मुलगी, दीमा, शुक्रवारी. त्याने घाईने खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलली, बाल्कनीचं दार सताड उघडं ठेवलं, कॉफी टाकली. वेलदोडा घातला. दोन कप भरून आणले, एक तिच्यासमोर ठेवला.

"मी तुमचं वाचलं," उम्म साबेर म्हणाली.

"कुठलं?"

तिने पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. घड्यांवर फाटत आलेला, कडांना पेन्सिलीच्या खुणा. भंगारवाल्याचा लेख.

"आम्हा बायकांचा वर्ग आहे, अक्षरओळखीचा. मी दोन वर्षं जाते. बाईंनी सगळ्यांना एकेक कागद दिला, म्हणाल्या, घरी जाऊन आपलं आपण वाचून या. माझ्या वाट्याला हा आला. हे मी आयुष्यात पहिल्यांदा आपलं आपण वाचलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत."

आता सांगा, लिहिणाऱ्या माणसाला याहून मोठं काय मिळायचं? मंत्र्याने खांद्यावर हात ठेवला असता तरी मुनीबला एवढं वाटलं नसतं. आणि असं काही मिळालं की काही माणसं गप्प होतात, काही बोलत सुटतात. मुनीब दुसऱ्या जातीचा.

तो बोलत सुटला. लेख कसा सुचला ते सांगितलं. संपादकाने 'गंजलेला' शब्द काढायला सांगितला होता, आपण कसा काढू दिला नाही, ते सांगितलं. आणि मग, काय अवदसा आठवली, उभा राहून त्याने त्या आवाजाची नक्कल केली. हात भोंग्यासारखे तोंडाशी धरले.

"फ्रीज...! वॉशिंग मशीन...! शेगड्या...!" आणि खोकला. "मग चमचा. टिण टिण टिण!"

उम्म साबेर त्याच्याकडे बघत होती. हसली नाही, रडली नाही.

"हुबेहूब," ती म्हणाली.

"माझी बायको म्हणायची, तू लेखक नाही, बहुरूपी आहेस!"

"चमचा इतका जोरात नव्हता," ती म्हणाली.

मुनीब हसला. कोणी आपलं इतकं बारकाईने वाचावं! त्याने कपाटातून आपल्या जुन्या लेखांचं पुस्तक काढलं, सही करून तिला दिलं. सहीवर लिहिलं, 'माझ्या सर्वांत थोर वाचकाला.' तिने ते अक्षर अक्षर लावून वाचलं आणि पिशवीत ठेवलं. थोडा वेळ बसली. एकदा टेबलावरच्या त्याच्या फोनकडे पाहिलं. मग म्हणाली, "उस्ताद, येते मी," आणि गेली.

मुनीब लगेच लिहायला बसला. या शनिवारचा विषय आयता चालून आला होता. 'परवा माझ्या दारी एक वाचक आली' इथून सुरू करून त्याने पानभर लिहिलं. मग डोळ्यांना ताण आला म्हणून उठला, कप उचलायला गेला.

त्याचा कप रिकामा होता. तिचा काठोकाठ भरलेला. वरचा फेसाचा थर तसाच, अख्खा. त्याला ओठसुद्धा लागला नव्हता.

मुनीब कप हातात घेऊन उभा राहिला.

त्याचा बाप दक्षिणेतल्या केरककडचा. बापाच्या बैठकीत पाहुणा आला की बाप आधी पाहुण्याच्या तोंडाकडे बघत नसे, कपाकडे बघे. काही मागायला आलेला माणूस कॉफी पुढ्यात घेतो आणि पीत नाही. मुलीसाठी मागणी असो, खुनाची माफी असो, नाही तर विहिरीच्या पाण्याचं भांडण. कप तसाच राहिला की यजमानाने विचारायचं असतं, काय आणलंय मनात? आणि द्यायचं असेल तर म्हणायचं, प्या, तुमचं काम झालं. पाहुण्याने आपण होऊन तोंड उघडायचं नसतं. विचारायचं ते घरच्याने. मुनीबने यावरही एकदा लिहिलं होतं, की आपल्या देशात सगळी महत्त्वाची कामं गार कॉफीवर होतात. लोक फार हसले होते.

आणि त्याच्याच घरात एक बाई तीन जिने चढून आली, पाऊण तास कप समोर ठेवून बसली, आणि त्याने तिला नक्कल करून दाखवली.

तो तसाच खाली उतरला. बयूमी पायरीवर बसून भोपळ्याच्या बिया सोलत होता.

"बयूमी, ती बाई. काय काम होतं तिचं?"

बयूमीने बिया खिशात घातल्या. "तुम्हाला नाही सांगितलं?"

"मी विचारलं नाही."

"मला जिन्यात विचारत होत्या. उस्तादांच्या फोनमध्ये ते भरून ठेवलेलं अजून आहे का म्हणून. म्हटलं, मला काय ठाऊक, तुम्हीच विचारा."

"भरून ठेवलेलं? ते कशाला हवंय तिला?"

बयूमी त्याच्याकडे बघत राहिला. "उस्ताद, थट्टा करताय का माझी? ती शहादाची बायको. अबू साबेर म्हणायचे त्याला."

"कोण शहादा?"

"तो आवाज हो! फ्रीज, वॉशिंग मशीन! तुमचा जुना फ्रीज मी त्यालाच नव्हता का विकला? तुमच्या बाईसाहेबांनी त्याला सरबत दिलं होतं. सहा वर्षं झाली त्याला जाऊन. काळीज बंद पडलं, वॉशिंग मशीन उचलताना." बयूमीने उगाच पायरीवरची सालं गोळा केली. "तुम्ही लिहिलंत तेव्हा मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. म्हटलं, मोठी माणसं आहेत, असेल काहीतरी."

"तू बोलला का नाहीस मला?"

"तुम्ही विचारलं नाहीत," बयूमी म्हणाला. टोमणा नव्हता तो. म्हणून जास्त लागला.

वर येऊन मुनीबने फोन काढला. तो आवाज होता. फोन रोज तक्रार करायचा की जागा संपली, पण पुसायचं म्हटलं की हात धजत नसे. बायकोचे चार वर्षांपूर्वीचे निरोप त्यातच होते. 'येताना दही आणा.' 'दही विसरू नका.' 'विसरलात ना?' दुसरं काही पुसताना ते पुसले जातील या भीतीने तो कशालाच हात लावत नसे.

त्याने आवाज लावला. बाल्कनीतून घेतलेला व्हिडिओ, खाली ट्रकचा टप दिसतो. आणि सगळ्यात आधी ऐकू आला तो स्वतः मुनीब.

"ऐका, लोकहो, ऐका! आमच्या गल्लीचे गवई आले!"

मग शहादा. "फ्रीज... वॉशिंग मशीन..."

"आता बघा हं, आता खोकतील साहेब," मुनीबचा आवाज. "शेगड्या झाल्या... हां! खोकला! वा, वा! आणि आता चहा. ढवळा, साहेब, ढवळा!"

मुनीबने फोन पालथा ठेवला. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं लोक म्हणतात. पण टाळ्याला लावलेली जीभ पुन्हा ऐकावी लागत नाही. त्याला ऐकावी लागली.

लिहिलेलं पान त्याने फाडलं. त्या शनिवारी शेवटच्या पानावर 'बाल्कनीतून' आलं नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

त्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, दीमा आली तेव्हा त्याने तिला सगळं सांगितलं. दीमा संगणकावर काम करायची, बापाला घाबरणाऱ्यांतली नव्हती.

"बाबा, म्हणजे तुम्ही तिला तिच्याच नवऱ्याची नक्कल करून दाखवलीत."

"हो."

"खोकल्यासकट."

"खोकल्यासकट. आता तू पुरे कर आणि सांग, माझा आवाज यातून काढता येईल का?"

"आता तसली ॲप आहेत. एक आवाज ठेवून दुसरा पुसतात. तुम्हीच लिहिलं होतंत, आता मशीन आपल्याला गप्प बसवायला शिकली, फक्त लग्नातल्या गवयांपर्यंत पोचायची बाकी आहे."

"ते मी लिहिलं होतं. आता काढ."

दीमा तासभर बसली. तीन वेळा काढून पाहिलं. मुनीबचा आवाज जात होता, पण दोन आवाज जिथे एकावर एक पडले होते तिथे शहादाही जात होता. उरत होतं ते विहिरीच्या तळातून कोणीतरी बोलावं तसं. खोकला अर्धा. आणि चमच्याची किणकिण तर मशीनने कचरा समजून साफ पुसून टाकली होती.

"दुसऱ्या कोणाकडे असेल," दीमा म्हणाली.

पण मुनीबने तीन दिवसांत विचारून पाहिलं होतं. ट्रकवाल्यांकडे आवाज होता तो नखाएवढ्या कार्डावर, आणि त्याच कार्डावर नव्या बाईचा आवाज भरलेला होता. इंटरनेटवर एक गाणं सापडलं. कोण्या पोराने शहादाचं ओरडणं घेऊन त्याला लग्नाचा ढोल लावला होता. त्यात शहादा खारीसारखा चिरकत होता, आणि लोक लिहीत होते, काय धमाल आहे.

"मग आहे तसाच न्या," दीमा म्हणाली.

"माझ्या तोंडासकट?"

"ते तुम्हीच घातलंय ना तिथे?"

दुसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, मुनीब नझीफच्या टेकडीवर गेला. पत्ता बयूमीने दिला होता. पायऱ्याच पायऱ्या, दोन्हीकडे घरं, वाळत घातलेले कपडे. उम्म साबेरचं घर दुसऱ्या मजल्यावर. तिनेच दार उघडलं. त्याला बघून तिला आश्चर्य वाटलं असेल, पण चेहऱ्यावर काही आलं नाही.

"या, उस्ताद. बसा."

खोली छोटी, स्वच्छ. रस्त्याकडे एक खिडकी, तिच्याखाली बसायची गादी. कोनाड्यात वही, पेन्सिल आणि त्याने सही करून दिलेलं पुस्तक. भिंतीवर एका माणसाचा फोटो, रुंद खांदे, मिशा, हसायचं ठरवून न हसलेला. म्हणजे हा शहादा. याला आपल्या बायकोने सरबत दिलं होतं, आणि आपण बहुधा तेव्हा बाल्कनीत बसून काहीतरी लिहीत असू, असं मुनीबला वाटलं.

तिने कॉफी आणली. त्याच्यासमोर ठेवली. मुनीबने कप थोडा पुढे सरकवला आणि हात मांडीवर ठेवले.

उम्म साबेरने ते पाहिलं. पण आधी ती समोर बसली, ओढणी सारखी केली, आणि वाट पाहू लागली.

"त्या दिवशी तुम्ही काही मागायला आला होता," मुनीब म्हणाला. "मी विचारलं नाही. ते घेऊन आलोय. पण त्यात माझाही आवाज आहे. काढायचा खूप प्रयत्न केला. माझा काढला की त्यांचा जातो. तुम्ही म्हणत असाल तर..."

"लावा," ती म्हणाली.

त्याने फोन मध्ये ठेवला आणि लावला.

'ऐका, लोकहो, ऐका! आमच्या गल्लीचे गवई आले!'

मुनीब जमिनीकडे बघत होता. आपला आवाज एवढा मोठा आहे, हे त्याला कधी कळलं नव्हतं. खोलीत मावत नव्हता. मग शहादा आला, फ्रीज, वॉशिंग मशीन, शेगड्या. खोकला. 'वा, वा!' मग चमचा. 'ढवळा, साहेब, ढवळा!'

संपलं. उम्म साबेरने बोटाने खूण केली, पुन्हा.

त्याने पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा तिने स्वतःच बोट लावलं. या वेळी तिचे ओठ हलत होते, आणि चमचा वाजला तेव्हा तिचा उजवा हात मांडीवर गोल फिरला.

"ते चहा ढवळत नव्हते," ती म्हणाली. "मी ढवळत होते."

मुनीबने वर पाहिलं.

"इथेच बसून भरलं होतं हे. या गादीवर. माझ्या भावाचं टेपचं यंत्र होतं. त्यांना खोकला झाला होता, मी म्हटलं, उद्या भरा. ऐकतील तर ते कसले! म्हणून चहा करून आणला, साखर विरघळत नव्हती. त्यांनी हात केला, गप्प, गप्प. मी म्हटलं, मी कुठे बोलतेय, चमचा बोलतोय." ती थांबली. "जिवंत होते तेव्हा लाज वाटायची मला या आवाजाची. साबेरला पोरं फ्रीजचा मुलगा म्हणायची. मग ते गेले, आणि दुसऱ्याच आठवड्यात खालून आले. खिडकीखालून. मी कणीक मळत होते. तशीच हात भरलेले घेऊन उभी राहिले. सहा वर्षं रोज आले. कधी दोनदा. मग तुमचा नियम आला."

"मला माहीत नव्हतं," मुनीब म्हणाला. म्हणताना त्यालाच ते पोकळ वाटलं.

"तुमचा लेख वाचायला मला चार दिवस लागले," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी काही कळलं नाही, अक्षरं लावण्यातच जीव गेला. तिसऱ्या दिवशी खोकल्यापाशी पोचले. तेव्हा कळलं कोणाबद्दल आहे. पाचव्या दिवशी वर्गात मोठ्याने वाचायचं होतं."

"वाचलंत?"

"वाचलं. बायका हसल्या. चांगलं लिहिलंय हो तुम्ही, हसणारच. बाईंना वाटलं, कुठे अडेन तर मदत करू. मी अडले नाही. मध्ये थांबले असते तर त्यांना वाटलं असतं, मला येत नाही."

खाली कोणी कोणाला पाण्याच्या टाकीवरून शिव्या घालत होतं. मुनीबच्या कपावर थर धरला होता.

मग उम्म साबेरने कपाकडे पाहिलं, आणि जे त्याने करायला हवं होतं ते केलं.

"उस्ताद, तुमची कॉफी तशीच आहे. काय आणलंय मनात?"

वाटेत मुनीबने खूप शब्द जुळवले होते. सगळे गेले. "माफ करा," तो म्हणाला. "आणि मला त्यांच्यावर लिहू द्या. या सदरात, त्याच जागी. ते कोण होते, आवाज कसा भरला, चमचा कोणाचा. सगळ्यांनी वाचावं असं लिहीन."

"नको," ती म्हणाली.

एवढ्या लगेच म्हणाली की मुनीब दचकला.

"तुम्ही चांगलंच लिहाल. लोक रडतील. हसले तेच रडतील. शनिवारी रडतील आणि रविवारी तुमची वाहवा करतील. त्यांचं काय व्हायचं त्यात?" तिने फोटोकडे पाहिलंसुद्धा नाही, नुसती मान तिकडे केली. "त्यांच्यावर लिहायचं ते मी लिहीन. वाचता येतं, लिहिता अजून धड येत नाही. 'शहादा' येतं. 'चहा' येतं. बाकीचं सावकाश. तुम्ही दुसऱ्या कोणावर लिहा."

मुनीबने मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदा कोणी त्याला 'हे लिहू नका' म्हटलं होतं आणि त्याने ते ऐकलं.

"आणि माफी?" त्याने विचारलं.

तिने कप त्याच्याकडे सरकवला.

"प्या. दुसरी करून देत नाही. गार आहे तशीच प्या."

मुनीब प्यायला. कडू, गार, तळाशी गाळ. तळापर्यंत प्यायला, गाळ जिभेला लागेपर्यंत. कप खाली ठेवला तेव्हा तिने तो उचलला आणि आत बघून, रिकामा झालाय याची खात्री करून, बाजूला ठेवला.

साबेर जवळच्याच गॅरेजात कामाला होता. तिने खिडकीतून हाक मारून त्याला वर बोलावलं. रुंद खांद्यांचा, बापासारखाच, तिशीचा. त्याने हात पुसले, दोन फोन शेजारी धरले, आवाज आपल्या आईच्या फोनमध्ये घेतला. मुनीबशी एक शब्द बोलला नाही. निघताना मात्र दार त्यानेच उघडलं आणि म्हणाला, "तिसरी पायरी तुटकी आहे, जपून."

मुनीब उतरू लागला. गल्लीच्या टोकाला एक ट्रक वळत होता, आणि ती सभ्य बाई हळू आवाजात विचारत होती, आपणाकडे जुन्या वस्तू असल्यास. वर खिडकी लावल्याचा आवाज आला. मग बंद खिडकीतूनही ऐकू येईल इतक्या मोठ्याने, त्याचाच आवाज पायऱ्यांवरून खाली आला.

'ऐका, लोकहो, ऐका!'

दारात बसलेल्या एका म्हाताऱ्याने मान वर केली. मुनीबकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी त्याला काय कळणार होतं. मुनीब कठड्याला धरून उभा राहिला. फ्रीज. वॉशिंग मशीन. शेगड्या.

खोकला ऐकला, चमचा ऐकला, आणि मगच तो उरलेल्या पायऱ्या उतरला.